शनिवारी घाणा बंद का? ज्यू धर्म समजून घेताना

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात एके काळी तेल्यांचे दोन प्रकार सांगत: सोमवार तेली आणि शनिवार तेली. पहिले महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाण्याला बैल जुंपत नसत. दुसरे शनिवारी जुंपत नसत. का, ते गावाला ठाऊक नव्हते आणि त्यांनाही धड सांगता येत नसे. मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करायची, खवले नसलेला मासा घरात आणायचा नाही आणि 'शेमा इस्राएल' ही ओळ बारशापासून मर्तिकापर्यंत प्रत्येक वेळी म्हणायची, एवढे त्यांना पक्के माहीत होते. हिब्रू विसरलेली, ग्रंथ जवळ नाही, धर्मगुरू नाही, घरात बोलणे मराठीत. हे बेने इस्रायली. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते.

इस्रायलची बातमी आली की घरोघरी तेच प्रश्न निघतात. ज्यू म्हणजे धर्म की देश? त्यांचा देव कोणता? बायबल त्यांचेच ना, मग ते ख्रिस्ती कसे नाहीत? उत्तरे शोधायला लोक जेरुसलेमपासून सुरुवात करतात. मी घाण्यापासून करतो, कारण ज्यू धर्माची किल्ली तिथे अधिक सहज सापडते. ग्रंथ हरवला, भाषा गेली, तरी हे लोक ज्यू राहिले ते काय मानतात यामुळे नव्हे, शनिवारी काय करत नाहीत यामुळे. इथे करणे आधी येते आणि मानणे मागून चालत येते.

देव कोणता?

एकच. निराकार, मूर्ती नसलेला, त्याला पोटचा पुत्र नाही, तो कुणाचा अवतार नाही. 'ऐक, इस्राएला, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे' हा 'शेमा'चा अर्थ. सकाळ-संध्याकाळ हे म्हणायचे, आणि जमले तर मरताना ओठांवर हेच असावे. देवाचे नाव चार अक्षरांचे आहे, पण ते उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्या जागी 'अदोनाय', म्हणजे स्वामी, असे वाचतात आणि एरवी बोलताना नुसते 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. नवऱ्याचे नाव न घेता 'हे' म्हणून अख्खा संसार केलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात काही विचित्र वाटू नये.

पण हा देव आपली ओळख कशी करून देतो ते पाहण्यासारखे आहे. सिनाय पर्वतावर मोशे या त्यांच्या पुढाऱ्याला मिळालेल्या दहा आज्ञांची सुरुवात 'मी जग निर्माण केले' अशी नाही. ती आहे: मी तुझा देव, ज्याने तुला मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामीच्या घरातून बाहेर काढले. आधी सुटका, मग करार. मी तुम्हाला सोडवले, आता तुम्ही असे वागा. या वागण्याच्या नियमांना 'मित्झ्वा' म्हणतात आणि परंपरेने त्यांची संख्या ६१३ धरली आहे: २४८ करण्याच्या गोष्टी, ३६५ न करण्याच्या. यातल्या पुष्कळशा जेरुसलेमच्या मंदिरातल्या बळींविषयी आहेत. रोमनांनी इ.स. ७० मध्ये ते मंदिर पाडल्यापासून त्या पाळायला जागाच उरलेली नाही.

'मी अमुक अमुक मानतो' अशी शपथ घेतली की माणूस ज्यू होतो, असे मात्र इथे नाही. बाराव्या शतकात कैरोजवळ वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीझ या पंडिताने श्रद्धेची १३ कलमे लिहून काढली: देव एक आहे, त्याला शरीर नाही, तोरा हा धर्मग्रंथ त्याने दिला, मसीहा म्हणजे तारणहार येईल, मेलेले उठतील वगैरे. ती आजही प्रार्थनेच्या पुस्तकात छापतात. पण पुढच्या पंडितांनी त्यांच्यावरही वाद घातला, आणि योसेफ आल्बो म्हणाला, तीन पुरेत. येशू मसीहा होता हे ज्यूंनी मानले नाही. मसीहा आला की जगातली युद्धे थांबतील असे संदेष्ट्यांनी सांगितले आहे, आणि ती तर थांबलेली नाहीत. ज्यूंच्या बाजूने पाहिले तर मुद्दा इतका साधा आहे.

धर्म की जात?

दोन्ही, आणि कुठल्याच एका खणात न बसणारे. ज्यू आईच्या पोटी जन्मला तो ज्यू, ही जुनी व्याख्या. तो देव मानत नसला तरी ज्यूच राहतो. नास्तिक ज्यू ही ओळख ज्यूंमध्ये कुणाला खटकत नाही, कारण ते आधी एक कुळ आहे आणि त्या कुळाला एक करार बांधून आहे. बाहेरचा माणूस आत येऊ शकतो. शिकावे लागते, नियम अंगावर घ्यावे लागतात, धर्मन्यायालयापुढे उभे राहावे लागते. पण 'या, आमच्यात या' असे कुणी बोलवायला येत नाही. उलट येणाऱ्याला आधी परतवून पाहायची पद्धत आहे. जगभरात मिळून ज्यू दीड कोटीच्या थोडे वर, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या लोकसंख्येहूनही कमी.

इस्रायल हे राज्य १९४८ चे. ज्यूंना स्वतःचा देश हवा ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, आणि तिचे बरेच पुढारी धार्मिक नव्हते. जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना हजारो वर्षांची आहे, सरकार आत्ताचे आहे. त्या सरकारच्या धोरणांवरून ज्यूंमध्येच टोकाचे मतभेद आहेत, आणि काही अतिकर्मठ पंथ तर मसीहा येण्याआधी असे राज्य उभारणेच अधर्म मानतात. म्हणून पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळाकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाकडे, बोट दाखवून 'हे इस्रायलचे' म्हणणे चूक आहे. ते १८६७ चे, डेव्हिड ससून या बगदादी व्यापाऱ्याने बांधलेले.

ग्रंथ कोणता?

तोरा. मोशेची पाच पुस्तके. बायबलच्या मराठी भाषांतरात ती उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी भेटतात. त्यांना संदेष्ट्यांची पुस्तके आणि स्तोत्रे, नीतिसूत्रे, इयोबाची कथा असे इतर लेखन जोडले की २४ पुस्तकांचा संग्रह होतो, त्याला 'तनाख' म्हणतात. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात ते साधारण हेच, क्रम वेगळा. 'जुना' हा शब्द ज्यूंना अर्थातच मान्य नाही. नवा झालाच नाही, तर हा जुना कशाने?

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, तोरा गुंडाळीच्या रूपात असते. चामड्यावर, पिसाच्या लेखणीने, हाताने लिहिलेली. तीन लाखांवर अक्षरे, आणि एक जरी चुकले तरी दुरुस्त होईपर्यंत ती प्रत वाचनाला चालत नाही. देवाच्या नावातच चूक झाली तर खोडताही येत नाही. ते पान बाजूला काढतात आणि पुढे माणसासारखे पुरतात. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हेही नसतात. मोडी पत्र वाचणाऱ्याला जसा मजकूर अर्धा आधीच ठाऊक असावा लागतो, तसेच इथेही. बोट लावायचे नाही म्हणून चांदीचा छोटा हात असलेली काडी ओळीवरून फिरवतात. दर शनिवारी एक भाग असे वर्षभरात पूर्ण वाचन होते, आणि शेवट झाला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

मग तालमूद म्हणजे काय?

खरा घोटाळा इथे होतो, आणि गंमतही इथेच आहे.

तोरा म्हणते, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दिवशी काम करू नका. ठीक. पण काम म्हणजे काय? दिवा लावणे काम आहे का? बाळाला उचलणे? आजाऱ्याला औषध देणे? ग्रंथ गप्प. मोशेला लेखी तोरेबरोबर तोंडी स्पष्टीकरणही मिळाले आणि ते गुरुशिष्यांतून चालत आले, असे परंपरा मानते. मंदिर पडल्यावर, लोक पांगू लागल्यावर हे तोंडी ज्ञान हरवेल या धास्तीने साधारण इ.स. २०० च्या सुमारास यहुदा हानासी या पंडिताने ते संकलित केले. ती मिश्ना. पुढे बाबिलोन, म्हणजे आजच्या इराकात, तिच्यावर तीनेकशे वर्षे जी चर्चा झाली ती गमारा. दोन्ही मिळून तालमूद: २,७११ पाने, दोन्ही बाजूंनी छापलेली. रोज एक पान वाचले तर साडेसात वर्षे लागतात, आणि १९२३ मध्ये सुरू झालेल्या प्रथेप्रमाणे जगभर हजारो लोक एकाच दिवशी एकच पान वाचतात.

तालमूद हा कायद्याचा ग्रंथ आहे असे कुणी सांगितले तर अर्धेच खरे माना. निकालापेक्षा त्यात युक्तिवाद जास्त. हायकोर्टाच्या पूर्णपीठात दोन न्यायाधीश एका बाजूचे आणि एक विरुद्ध असला, तर विरुद्ध मतही निकालपत्रात राहते. तसे इथे हरलेले मतही जपून ठेवले आहे, आणि का, हेही मिश्नाच सांगते: उद्या एखाद्या न्यायसभेला त्याचाच आधार घ्यावासा वाटेल. हिल्लेल आणि शम्माई या दोन पंडितांच्या शिष्यघराण्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी आकाशवाणी झाली म्हणतात, 'हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द, पण आचरण हिल्लेलप्रमाणे करा.' का? तर हिल्लेलचे लोक नम्र होते आणि आपले मत सांगण्याआधी शम्माईचे मत सांगत.

त्याहून भारी गोष्ट एका भट्टीची आहे. कापून तुकडे केलेली, मध्ये वाळू भरलेली मातीची भट्टी शुद्ध धरायची की अशुद्ध, असा वाद. रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकीचे सगळे पंडित दुसऱ्या. एलिएझर म्हणाले, माझे बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात लांब जाऊन पडले. पंडित म्हणाले, झाडाची साक्ष चालत नाही. ओहोळ उलटा वाहिला. चालत नाही. भिंती कलल्या. रब्बी यहोशुआने भिंतींनाच दरडावले, 'पंडित वाद घालताहेत, तुमचा काय संबंध?' शेवटी खुद्द आकाशातून आवाज आला, की एलिएझरचेच बरोबर आहे. यहोशुआ उभा राहिला आणि तोरेतलेच वचन त्याने ऐकवले: 'ती आकाशात नाही.' तोरा आता दिली गेली आहे, अर्थ लावायचा तो इथे बहुमताने. त्या वेळी देव काय करत होता? हसत होता, असे तालमूद सांगतो, आणि म्हणत होता, 'माझ्या लेकरांनी मला हरवले.'

देवाला वादात हरवणारी ही गोष्ट धर्मग्रंथातच आहे. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे, हेही यावरून ध्यानात येईल. रब्बी हा शास्त्री. शिकलेला, निर्णय देणारा. प्रार्थना त्याच्यावाचून अडत नाही. दहा प्रौढ जमले की झाले.

नियमांतून पळवाटा काढतात, खरे ना?

हा आक्षेप नेहमीचा. त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण देतो, ते आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल: कर्जमाफी.

तोरेचा हुकूम आहे, दर सातव्या वर्षी सगळी कर्जे माफ. गरीब कायमचा बुडू नये म्हणून. झाले काय, तर सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्ज द्यायचेच बंद करत. कर्जमाफीची हवा सुटली की बँका हात आखडता घेतात, तेच दोन हजार वर्षांपूर्वी. म्हणजे गरिबासाठी केलेला नियम गरिबाच्याच मुळावर आला. हिल्लेलने तोड काढली: कर्ज न्यायसभेच्या नावे करून द्यायचे. माफी व्यक्तीव्यक्तीतल्या कर्जाला आहे, न्यायसभेकडच्या कर्जाला नाही. सावकाराचे पैसे राहिले, गरिबाला कर्ज मिळत राहिले.

ही पळवाट म्हणायची तर म्हणा. पण नियम कागदावर शाबूत आणि माणूस उपाशी, यापेक्षा नियमाचा हेतू वाचवणे त्यांनी पसंत केले. या साऱ्या आचारशास्त्राला 'हलाखा' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे 'चालणे'. आपल्या 'चालीरीती'त नेमकी तीच चाल आहे. 'कायदा' या भाषांतरापेक्षा मला हे जवळचे वाटते.

शनिवारी नेमके काय बंद?

शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडे आधी घरातली बाई दोन मेणबत्त्या लावते, आणि शब्बाथ सुरू होतो. ज्यूंचा दिवस संध्याकाळी उगवतो. द्राक्षरसाच्या प्याल्यावर आशीर्वाद, दोन पाव, गाणी, जेवण. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हे चालते. मग वळलेली मेणबत्ती, मसाल्यांचा वास आणि पुन्हा एक प्याला, की आठवडा सुरू.

मधल्या वेळात ३९ प्रकारची कामे बंद. ही यादी मनाला येईल तशी केलेली नाही. रानात असताना इस्राएलींनी देवासाठी जो तंबू उभारला, त्याला जी कामे लागली ती ही: नांगरणे, पेरणे, मळणे, दळणे, विणणे, शिवणे, लिहिणे, लिहिलेले खोडणे, विस्तव पेटवणे, विझवणे. कष्ट हा निकष नाही. घरातल्या घरात जड टेबल सरकवले तर चालते, काडी ओढली तर चालत नाही. सहा दिवस माणूस जग घडवतो, मोडतो, बदलतो. सातव्या दिवशी जग आहे तसे राहू द्यायचे. फळ किंवा दाणा पिळून रस, तेल काढणे हे मळणीच्या पोटात येते. म्हणजे शनिवार तेल्यांचा घाणा मिश्नेच्या काट्यावरही बरोबर बंद होता, आणि मिश्ना तर त्यांनी पाहिलेली नव्हती.

विजेचा दिवा हा विस्तव का, यावर गेली शंभर वर्षे निर्णय लिहिले जाताहेत. म्हणून इस्रायलमधल्या इमारतींत शनिवारी आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाणारी लिफ्ट दिसते. तिच्यावर विनोदही ज्यूंनीच सर्वांत जास्त केले आहेत. पण जीव धोक्यात असला तर हे सगळे रद्द. गाडी चालवा, फोन करा, आग पेटवा. नुसती सूट नाही, तसे करणे बंधनकारक आहे.

तोरेत दहा आज्ञा दोनदा येतात. दुसऱ्या वेळी शब्बाथचे कारण वेगळे दिले आहे: तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या दारातला परका, सगळ्यांना तुझ्यासारखी विश्रांती मिळावी, कारण मिसरात तू गुलाम होतास हे आठव. प्राचीन जगात गुलामाला आठवड्याची सुटी कायद्याने मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. आणि घाण्याभोवती डोळ्यांवर झापडे लावून फिरणाऱ्या बैलाचे नाव तर त्या आज्ञेत स्पष्टच आहे.

ताटात काय चालते?

खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो. म्हणून बकरा चालतो, डुक्कर नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी बाद. कोकणात राहून कोळंबी न खाणे ही काय तपश्चर्या आहे ते मी कोकण्यांना वेगळे सांगायला नको. चालणाऱ्या अन्नाला कोशर म्हणतात. मांस ठरल्या पद्धतीने कापलेले, मीठ लावून रक्त काढलेले असावे लागते.

'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस' हे वाक्य तोरेत तीनदा आहे. त्यावरून दूध आणि मांस एकत्र खायचेच नाही, एका भांड्यात शिजवायचेही नाही, इथवर नियम वाढला. कर्मठ घरात भांड्यांचे दोन संच असतात. बेने इस्रायली स्वयंपाकात हा प्रश्न नारळाने सोडवला. मटणाच्या रश्शात नारळाचे दूध, आणि नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा तोही नारळाच्या दुधात, म्हणजे मांसाच्या जेवणावर खाल्ला तरी अडचण नाही.

डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्याला शंका होती, की हे खरेच आपले का? त्याने बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवून रांधायला सांगितले, असे सांगतात. बायकांनी पर-खवले नसलेले मासे न बोलता बाजूला काढले. त्याला पुरावा मिळाला. त्याने तिघांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले; त्यांना लोक काजी म्हणू लागले.

हे तर कर्मकांड झाले. भाव कुठे आहे?

तुकोबा वाचून वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. ज्यूंना तो फार पूर्वी पडला. यशया हा संदेष्टा देवाच्या तोंडून विचारतो, तुमचे बळी मला कशाला? तुमचे हात रक्ताने भरले आहेत. अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. दुसरीकडे तोच म्हणतो, मला हवा तो उपवास हा, की भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यावी. हा उतारा वाचायचा दिवस पाहा: योम किप्पूर, वर्षातला सर्वांत कडक उपवास. पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या माणसाला ऐकवायचे, की नुसत्या उपवासाने काही होत नाही.

त्याच दिवसाबद्दल मिश्ना सांगते, देवाविरुद्धचे पाप योम किप्पूरला धुतले जाते, माणसाविरुद्धचे नाही. त्यासाठी त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत काढावी लागते. देव परस्पर माफ करत नाही. बेने इस्रायलींकडे हा दिवस 'दारफाळणीचा सण' म्हणून उरला होता: दारे लावून घ्यायची, उपवास करायचा, बाहेरच्याला शिवायचे नाही. नाव हरपले, कारण हरपले, दिवस राहिला.

दानाला हिब्रूत 'त्सदाका' म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी दया नाही, न्याय आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही, हातून गळलेले कणीस उचलायचे नाही. ते गरिबाचे आणि परक्याचे. उपकार म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. मायमोनिडीझने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खाली कुरकुरत देणारा. बऱ्याच वर, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सर्वांत वर कोण? तर कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम देऊन माणसाला असे उभे करणारा, की पुन्हा हात पसरावा लागू नये. दानावर जगणाऱ्यानेही त्यातले थोडे दान करावे, हाही नियम आहे.

हिल्लेलकडे एक परका आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तोवर सगळी तोरा शिकव. शम्माईने त्याला हाकलून दिले होते. हिल्लेल म्हणाला, 'तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याशी करू नकोस. ही सगळी तोरा, बाकी भाष्य. आता जा आणि शीक.' लोक पहिला भाग उद्धृत करतात आणि शेवटचे वाक्य गाळतात. मला वाटते, खरा ज्यू सूर त्या 'शीक'मध्ये आहे.

'डोळ्याच्या बदल्यात डोळा' म्हणणारा धर्म ना?

तोरेत ते शब्द आहेत. पण तालमूदमध्ये पंडित विचारतात, आंधळ्याने कुणाचा डोळा फोडला तर काय काढणार? आणि एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा बारीक असला तर तो बदला सारखा कसा? शेवटी अर्थ ठरतो तो भरपाईचा, पाच खात्यांवर: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान. मोटार अपघाताचा दावा लढवणाऱ्या वकिलाला ही यादी ओळखीची वाटेल. मृत्युदंड कायद्यात होता, पण सात वर्षांत एकालाही फाशी देणाऱ्या न्यायसभेला मिश्नेने 'घातकी' म्हटले, आणि एक पंडित म्हणाला, सात नव्हे, सत्तर वर्षांत.

आणि 'देवाने निवडलेले लोक'?

हा शब्द ऐकून कपाळाला आठ्या पडतात. पण निवड कशासाठी, हे आमोस संदेष्टा सांगतो: पृथ्वीवरच्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखले, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हाला देईन. वर्गातल्या मॉनिटरला आधी छडी, तसे. शिवाय ज्यू न झालेल्याला नरक असे हा धर्म म्हणत नाही. सगळ्या मानवजातीला सात मूलभूत नियम पुरेत: खून, चोरी, व्यभिचार, मूर्तिपूजा, देवनिंदा यांपासून दूर राहणे, जिवंत प्राण्याचा लचका न खाणे आणि न्यायालये उभारणे. यातल्या मूर्तिपूजेच्या कलमामुळे आपल्याकडे भुवया उंचावतील, आणि ते कलम आहेच, लपवायचे कारण नाही. बाकी मेल्यावर काय, यावर तोरा जवळजवळ बोलतच नाही. पुढे परलोक आणि पुनरुत्थान आले, पण ज्यूंच्या घरी मरणानंतर जे घडते ते इहलोकातलेच: सात दिवस घरी बसणे, शेजाऱ्यांनी जेवण आणणे आणि मुलाने अकरा महिने 'कद्दीश' म्हणणे. त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती.

सगळे ज्यू हे सगळे पाळतात का?

नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुधारक निघाले, म्हणाले नीती शाश्वत, बाकी काळाप्रमाणे. सनातनी म्हणाले, एक वीट काढली की भिंत जाईल. मधले म्हणाले, बदला पण हळू. सुधारकांत स्त्रिया रब्बी आहेत. जर्मनीतल्या रेगिना योनास १९३५ मध्ये रब्बी झाल्या, १९४४ मध्ये नाझींच्या आउश्वित्झ छावणीत मारल्या गेल्या. सनातनी सिनेगॉगमध्ये बायका आजही वेगळ्या बसतात. आणि कशातच न बसणारे, वर्षातून एकदा वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, जेवणापुरते ज्यू असणारेही पुष्कळ.

ते जेवण बहुतेकांना सोडवत नाही. पंचांग चांद्र, पण अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेले, अगदी आपल्यासारखे: १९ वर्षांत सात अधिक महिने. म्हणून वल्हांडण दर वर्षी वसंतातच येतो. घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? आणि मग मोठ्यांनी मिसरातून सुटल्याची गोष्ट सांगायची. या रात्रीची पोथी मराठीतही आहे. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या प्रतीत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात दाखवल्या आहेत.

आणि ते शनिवार तेली?

त्यांच्यातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायली त्याला मशीदच म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू पुन्हा शिकून घेतली. नवस फेडायला पोहे, खोबरे, फळे यांची मलिदा मात्र एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने आजही होते, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. महाराष्ट्रात आता काही हजारच उरले. बाकीचे बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले.

तिथे गेल्यावर त्यांना विचारण्यात आले, की तुम्ही ज्यू कशावरून? तुमच्या पूर्वजांना तालमूद माहीत नव्हता, मग त्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे कसे झाले असतील, आणि दुसऱ्या लग्नाची संतती वैध कशी धरायची? १९६० नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्रायली वर किंवा वधू आली तर आजी-पणजीपर्यंत वंश तपासा. ज्यांच्या बायकांनी कधी काळी टोपलीतले मासे निवडून पुरावा दिला होता, त्यांच्या नातवंडांकडे आता कागद मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. धर्मपीठाने सूचना मागे घेतली नाही, पण तिच्यातले 'बेने इस्रायल' हे शब्द काढून टाकले.